सप्लायरशी सरळ व्यवहार कसा ठेवायचा: मोठ्या कंपनीतल्या खरेदीवाल्यांसाठी, सोलापूरच्या अनुभवातून

पाकीट न घेणारा खरेदी ऑफिसर म्हणजे प्रामाणिक ऑफिसर अशी आपल्याकडं समजूत आहे. चूक नाही, पण अर्धीच आहे. अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत जाऊन एखाद्या छोट्या युनिटच्या मालकाला विचारा की मोठ्या कंपनीकडून त्रास काय होतो, तो लाचेचं नाव बहुतेक शेवटी घेईल. आधी सांगेल की बिल अडकलंय, माल उतरवून घेतला आणि महिन्यानं रिजेक्ट म्हणाले, सॅम्पल आमच्याकडून करून घेतलं आणि ऑर्डर दुसऱ्याला दिली. हे करणाऱ्या साहेबानं आयुष्यात कुणाचा चहा पण घेतलेला नसतो बरं का. म्हणून हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल जास्त आहे. उदाहरणं टॉवेल-चादरीची येतील कारण आपलं गाव तेच आहे, पण बॉक्स, केमिकल, लेबर काँट्रॅक्ट, ट्रान्सपोर्ट, काहीही घेत असाल तरी पायऱ्या त्याच.

१. नवीन सप्लायर जोडताना

कागद सगळेच मागतात: पॅन, जीएसटी, उद्यम सर्टिफिकेट (छोट्या-मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी), कॅन्सल चेक, पीएफ-ईएसआयचे नंबर, डाईंग असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. मागून फाईलला लावायचे आणि विसरायचं असं करू नका, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून चालू आहे का बघा, उद्यमवर धंद्याचा प्रकार काय लिहिलाय ते बघा (उत्पादन, सेवा की ट्रेडिंग, हे पुढं पेमेंटला लागतं), आणि संमतीची मुदत संपली का बघा.

मग तिथं जा. कागदावर बारा लूमचा कारखाना असतो आणि जाऊन बघितलं तर दोन लूम आणि एक गाळा, म्हणजे बाकीचा माल तो दुसरीकडून विणून घेणार. त्यात पाप काही नाही, सोलापुरात जॉबवर्क पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, पण तुम्हाला माहीत पाहिजे की माल नक्की कुठं बनतो. नुसतं विचारा, "मालक, हेमिंग (कडा शिवणं) कुठं करता?" उत्तर देताना माणूस घुटमळला की समजायचं काम घरोघरी जातंय. तेही चालेल, पण मग पीसला रेट किती देतात, महिन्याचा हिशोब वहीत आहे का, घरात लहान पोरं शिलाईला बसतात का, हे विचारणं तुमचं काम झालं. चौदाच्या आतल्या पोराला कामाला लावणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच धंद्यांत बंद आहे. घरच्यांना शाळा सुटल्यावर हातभार लावायची सूट कायद्यात आहे, पण शाळा बुडवून पीसवर बसलेलं पोर त्या सूटमध्ये बसत नाही.

नात्यागोत्याचा मुद्दा इथंच मिटवा. आपल्या गावात सगळे सगळ्यांचे पाहुणे, सोलापूरच्या पूर्व भागात तर एका गल्लीत विणणारा, रंगवणारा आणि विकणारा एकाच घरातले निघतात. मेहुण्याचं युनिट आहे म्हणून त्याला काम देऊ नये असं नाही. पण तुमचं नातं असेल तर लिहून द्या आणि त्या फाईलवरून स्वतः बाजूला व्हा, रेट दुसऱ्यानं ठरवावा, माल तिसऱ्यानं पास करावा. डायरेक्टर लोकांना तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८४ आणि १८८ नं हे बंधनकारकच आहे, आपल्याला निदान कंपनीच्या पॉलिसीनं आहे. तोंडी सांगितलेलं नातं ऑडिटला उपयोगाचं नसतं.

आणखी एक, बँक खातं बदललंय असा मेल आला तर मेलला उत्तर देऊन खात्री करू नका. आधीपासून आपल्याकडं असलेल्या नंबरवर फोन लावा. मेल हॅक करून पैसे वळवणं आजकाल सर्रास चालतं आणि मग भुर्दंड कुणी सोसायचा यावरून वर्षानुवर्षांचा संबंध तुटतो.

२. रेट मागवताना

तिघांना विचारायचं तर तिघांना एकच स्पेसिफिकेशन, एकच शेवटची तारीख आणि एकच खुलासा. एकानं विचारलं की "पाइल सुताचा काउंट काय धरू" (म्हणजे टॉवेलच्या लूपचं सूत किती जाड-बारीक), तर उत्तर तिघांनाही पाठवा. एकाचा रेट दुसऱ्याला सांगून "तो एवढ्यात देतोय, तू बघ" हे खरेदी खात्याचं सगळ्यात जुनं हत्यार आहे आणि सगळ्यात घाणेरडं पण. घासाघीस करा ना, जरूर करा, पण त्याच्या आकड्यांवर करा: सुताला किती, सायझिंगला (सुताला खळ लावायला) किती, विणाईला किती, डाईंगला किती, वेस्टेज किती टक्के धरलंय. सुताचा भाव बाजारात सगळ्यांना माहीत असतो, तो वजा केल्यावर बाकी काय उरतं ते बघा, आणि जे उरतं त्यात मजुरी, लाईटबिल आणि पीएफ निघतच नसेल तर तो रेट स्वस्त नाही, तो कुणाच्या तरी खिशातून येतोय, एकतर कामगाराच्या नाहीतर तुमच्या क्वालिटीच्या. असा रेट मिळाला म्हणून मिटिंगमध्ये टाळ्या घेणारे साहेब मी बघितलेत.

सॅम्पलचं पण ठरवून घ्या. जेकार्डचं नवीन डिझाईन करून द्यायला सप्लायरचा खर्च होतो, लूम अडकतो. डिझाईन त्यानं केलं असेल आणि ऑर्डर दुसऱ्याला द्यायची असेल तर डिझाईनचे पैसे द्या. नाही द्यायचे तर डिझाईन वापरू नका, इतकं साधं आहे.

जाता जाता, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरून माल आणून त्यावर सोलापुरी छापून द्या असं सप्लायरला सांगणारी कंपनी त्याला नुसती खोटं बोलायला नाही, कायदा मोडायला लावते.

३. पीओ लिहिताना

पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर. भांडणं पुढं होतात ती इथल्या रिकाम्या जागांमुळं. पीओत या गोष्टी पाहिजेतच: पेमेंट किती दिवसांत आणि ते दिवस कधीपासून मोजायचे, वजनात आणि साईजमध्ये टॉलरन्स (चालवून घ्यायचा फरक) किती, तपासणी कुठं आणि कुठल्या पद्धतीनं, रिजेक्शन किती दिवसांत कळवणार, सुताचा भाव ठरलेल्या टक्क्यापेक्षा वर किंवा खाली गेला तर रेट कसा बदलणार. शेवटचं कलम दोन्ही बाजूंनी लिहा, भाव पडल्यावर रेट कमी मागायचा आणि चढल्यावर "पीओ म्हणजे पीओ" म्हणायचं हे चालणार नाही.

डिलिव्हरीची तारीख पण अंगाशी येते. डिझाईनचं अप्रूव्हल आपल्याकडं तीन आठवडे पडून राहतं, पण शिपमेंटची तारीख तीच राहते, म्हणजे ते तीन आठवडे सप्लायरच्या कामगारांनी रात्रपाळी करून भरून काढायचे. नंतर आपलाच ऑडिटर जाऊन त्याला ओव्हरटाईम जास्त का म्हणून विचारणार! अप्रूव्हल जितके दिवस लांबलं तितकी तारीख पुढं, हे एक वाक्य पीओत घाला. प्लॅनिंगवाले ओरडतील, ओरडू द्या.

४. माल आल्यावर: वजन, जीएसएम आणि रिजेक्शन

इथं जरा थांबून सांगतो कारण सगळ्यात जास्त अन्याय इथं होतो आणि बऱ्याचदा करणाऱ्याला पत्ताच नसतो.

कॉटनचं सूत हवेतला ओलावा धरतं. व्यापारात त्याचं मान्य प्रमाण साडेआठ टक्के आहे. आता सोलापूरचा मे महिना डोळ्यापुढं आणा, पारा ४२ च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. सुताचे कोन आले, गोडाऊनमध्ये पोती उघडून ठेवली, दोन-तीन दिवसांनी कुणीतरी वजन केलं, वजन कमी भरलं, लगेच डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापले. सप्लायरनं चोरी केली का? केली पण असेल, ओलं सूत देऊन वजन वाढवणारे महाभाग आहेतच. पण नुसत्या काट्यावरून ते कळत नाही. माल उतरवताना त्याच दिवशी, सप्लायरच्या माणसासमोर वजन घ्या, चार-पाच कोनचा ओलावा मॉइश्चर मीटरनं किंवा ओव्हनमध्ये वाळवून काढा, आणि साडेआठ टक्क्याला हिशोब लावून मग बोला. उन्हाळ्यात हा हिशोब सप्लायरच्या बाजूनं जातो, पावसाळ्यात आपल्या बाजूनं. दोन्ही वेळा तोच लावायचा.

टॉवेलच्या जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) पण तसंच. गोल कटरनं १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा कापतात, ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर म्हणजे जीएसएम. ऑर्डर ४८० ची आणि टॉलरन्स पाच टक्के असेल तर ४५६ पर्यंत माल पास आहे. एक तुकडा ४.५२ ग्रॅम भरला म्हणून ४५२ लिहून गाडी परत पाठवायची नसते. वेगवेगळ्या बंडलमधून तुकडे घ्यायचे, बॉर्डर सोडून घ्यायचे, आणि वाद असेल तर २७ डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रतेत कंडिशन करून परत मोजायचे. सकाळी एसी लॅबमध्ये आणि दुपारी शेडमध्ये मोजलेल्या तुकड्यात फरक येणारच. सरासरी नापास आली तर मात्र रिजेक्ट करा, आणि बेधडक करा. सरळ व्यवहार म्हणजे खराब माल पोटात घालणं नव्हे.

रिजेक्ट करायचं तर लेखी, फोटोसकट, किती पीस आणि कुठला दोष ते लिहून. तोंडी "माल बरोबर नाही हो मालक" हे रिजेक्शन नाही, ती रेट पाडायची सुरुवात असते आणि समोरच्याला ती कळते. परदेशातल्या गिऱ्हाईकानं ऑर्डर रद्द केली की इकडं चांगल्या मालात अचानक दोष सापडायला लागतात, हा प्रकार गावात सगळ्यांना पाठ आहे. ऑर्डर रद्द झाली असेल तर तसं सांगा, बनलेला माल किती, लूमवर किती, सूत किती पडून आहे याचा हिशोब करून वाटणी ठरवा. झोंबेल पण ते खरं आहे.

आणि जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) तारीख गाडी गेटवर आलेल्या दिवसाचीच टाका. ती का महत्त्वाची ते आता बघू.

५. पेमेंट

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या एमएसएमईडी कायदा २००६ चं कलम १५ म्हणतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी कराराप्रमाणं पैसे द्या, पण करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या वर नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून, आणि माल आल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. म्हणजे जीआरएन महिनाभर लटकवून घड्याळ उशिरा चालू करायची युक्ती कायद्यापुढं टिकत नाही. "आमची पॉलिसी ९० दिवसांची आहे" हे वाक्य तर छोट्या उत्पादकासमोर उच्चारूच नका.

उशीर झाला तर कलम १६ प्रमाणं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात. आठ लाखांचं बिल तीन महिने उशिरा गेलं तर जवळजवळ साडेतेहतीस हजार व्याज, आणि ते व्याज इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून पण दाखवता येत नाही. वर २०२३ च्या फायनान्स ॲक्टनं ४३बी मध्ये एच हे पोटकलम आलं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं, त्यानुसार मुदतीत न दिलेलं पेमेंट प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी खर्चात धरता येतं. मार्चअखेर मुदत उलटलेली बाकी राहिली की त्या वर्षाचा टॅक्स वाढला.

हे आल्यावर २०२४ च्या सुरुवातीला काही खरेदीदारांनी काय केलं, तर सप्लायरला उद्यम रजिस्ट्रेशन रद्द कर म्हणून सांगितलं नाहीतर ऑर्डर मध्यम उद्योगांकडं वळवल्या, अशी देशभर ओरड झाली. कायदा पाळायचा नाही म्हणून समोरच्याचं संरक्षणच काढून घ्यायचं! तुमच्या फायनान्सवाल्यानं असं पत्र काढायला लावलं तर सही करू नका.

करायचं काय ते सांगतो. सप्लायर मास्टरमध्ये प्रत्येकापुढं सूक्ष्म, लघु, मध्यम किंवा ट्रेडर अशी खूण करा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्यात: सूक्ष्म म्हणजे उलाढाल १० कोटींपर्यंत आणि गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत, लघु म्हणजे १०० कोटी आणि २५ कोटी. त्यामुळं जे काल मध्यम होते ते आज लघु असू शकतात, सर्टिफिकेट परत मागवा. सूत विकणारा निव्वळ ट्रेडर या ४५ दिवसांत बसत नाही, पण त्याला शब्द दिलाय तेवढ्या दिवसांत द्यायला कायदा कशाला पाहिजे. दर सोमवारी ३० दिवस झालेल्या बिलांची यादी काढा आणि प्रत्येक बिलापुढं ते कुणाच्या टेबलावर अडकलंय त्याचं नाव लिहा, खातं नाही, नाव. या एका यादीनं जे होतं ते दहा सर्क्युलरनं होत नाही.

कॅशच नसेल तर ट्रेड्स (छोट्या उद्योगांच्या बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाईन व्यवस्था) आहे, २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी करावीच लागते. आपण बिल मान्य केलं की फायनान्सर सप्लायरला लगेच पैसे देतो आणि आपण मुदतीला त्याला फेडतो. फायनान्सर कापतो तो डिस्काउंट कुणी सोसायचा ते आधी बोलून घ्या. शिवाय ४५ दिवसांच्या वर थकलेल्या रकमांचा एमएसएमई फॉर्म-१ सहा महिन्यांनी कंपनी निबंधकाकडं जातो, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरला. तो खरा भरा.

सप्लायर सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवर तक्रार करू शकतो, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाते, आणि कौन्सिलनं दिलेल्या निकालाला कंपनीला कोर्टात आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तरी छोटे लोक तक्रार करत नाहीत, कारण पुढची ऑर्डर जाईल. तक्रार आली नाही म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका.

६. दिवाळी, गड्ड्याची जत्रा आणि गाणगापूर

कंपनीची मर्यादा असेल ती पाळा, नसेल तर ठरवून घ्या. माझं मत: शेंगाचटणीचं पाकीट, डायरी, कॅलेंडर, मिठाईचा डबा ऑफिसात उघडून सगळ्यांत वाटला तर कुणाचं काही बिघडत नाही. सोन्याचं नाणं, गिफ्ट कार्ड, रोख, मोबाईल बंद. त्याहून धोकादायक म्हणजे जे भेटवस्तूसारखं दिसत नाही ते: पोराला सप्लायरकडं नोकरी, घराच्या बांधकामाला सिमेंट, हातउसने, फॅमिलीला घेऊन गाणगापूरला जायला गाडी. नाही म्हणताना माणूस दुखवायची गरज नाही, "अण्णा, आमच्याकडं रजिस्टर आहे, लिहावं लागतं, तुमचं नाव उगाच चढेल" एवढं म्हटलं की पुढच्या वर्षी येत नाही. आणि रजिस्टर खरंच ठेवा. परत पाठवलेल्या वस्तू पण त्यात लिहा. दिवाळीआधी सगळ्या सप्लायरना कंपनीच्या लेटरहेडवर "काही पाठवू नका" असं पत्र गेलं की निम्मं काम होतं.

७. सप्लायरच्या शेडमध्ये गेल्यावर

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले, त्यात मालकाच्या घरची माणसं पण होती. त्यानंतर तरी सप्लायरकडं गेल्यावर आधी हे बघा: बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, तो आतून उघडतो का, त्याच्यासमोर सुताची पोती रचलीत का, रात्री कुणी आत झोपतं का, लिंट (सुताची उडालेली धूळ) किती दिवसांनी झाडतात, वायरिंग कसंय. ऑडिटचा साठ प्रश्नांचा फॉर्म नंतर भरा. दरवाजासमोरची पोती त्याच दिवशी, तुम्ही उभे असताना हलवून घ्या.

मग मजुरी. हजेरीपत्रक आणि पगारपत्रक दोन्ही मागा आणि एका कामगाराचं नाव दोन्हीत जुळवून बघा. कामगारांशी बोलताना मालकाला चहा सांगायला पाठवा. इथं बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात, तर बरोबर तेलुगू येणारा माणूस न्या, मराठीत "सगळं बरं आहे साहेब" येतं, तेलुगूत खरं येतं.

सापडलं काही, तर लगेच काम काढून घेऊ नका. बाल कामगार, कोंडून ठेवणं, मारहाण असेल तर ताबडतोब थांबवा, तिथं मुदत बिदत नाही, आणि मुलाला नुसतं हाकलून दिलं म्हणजे प्रश्न सुटला असं करू नका, ते शाळेत पोचतंय का बघा. बाकी गोष्टींना लेखी मुदत द्या आणि खर्चाचं बोला, कारण फायर एक्झिट करायला सांगायचं आणि रेट दोन रुपयांनी पाडायचा हे एकाच महिन्यात करणाऱ्या कंपन्या आहेत.

८. तक्रार कुठं करायची

सप्लायरला तुमच्याबद्दलच तक्रार असेल तर ती तुमच्याकडं कशी येणार? नंबर आणि मेल खरेदी खात्याबाहेरचा पाहिजे, ऑडिट किंवा कंप्लायन्सचा, आणि तो पीओवर मराठीत छापा. लिस्टेड कंपन्यांना आणि बँकांचं ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्यांना तक्रार यंत्रणा कंपनी कायद्यानं ठेवावीच लागते, बहुतेक ठिकाणी ती वेबसाईटच्या तळाशी इंग्रजीत झोपलेली असते. तक्रार करणाऱ्याच्या ऑर्डर पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या का, हे ऑडिटनं बघितलं पाहिजे. कमी झाल्या तर कारण लिहून मागा.

९. सप्लायर सोडताना

कधीतरी सोडावं लागतंच. ज्याचा निम्म्याहून जास्त धंदा तुमच्यावर आहे त्याला एका मेलवर तोडू नका, त्यानं तुमच्या भरवशावर लूमचं कर्ज काढलेलं असतं. तीन-चार महिने आधी सांगा, ऑर्डर टप्प्यानं कमी करा, कारण लेखी द्या. लेजर जुळवा, अडकलेली बिलं आणि रोखलेल्या रकमा सोडा, १८० दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर आपलं जीएसटी क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं हे फायनान्सला आठवण करून द्या. जॉबवर्कला दिलेलं सूत एका वर्षाच्या आत चलनावर परत आलंय का तपासा. आणि त्याच्याकडं पडलेली आपली छापील लेबलं न् बॉक्स मोजून, पैसे देऊन परत घ्या, नाहीतर तीच लेबलं मंगळवार बाजारात दुसऱ्याच टॉवेलवर दिसतील.